दाजींची तिसरी पंगत

दाजी, तेरवीला आलेली माणसं तुमच्याबद्दल भरभरून बोलली. येलदरीच्या वीजघरात तुमच्यासोबत पाळ्या केलेले दोघं-तिघं आले होते. त्यांतल्या एकानं तुमच्या शांत स्वभावावर एवढं लांबण लावलं की वाढलेला भात निवून गेला. तुमच्या शांत स्वभावाबद्दल मला वेगळंच सांगता आलं असतं. हत्तींबद्दल तर मी तोंडच उघडलं नाही, ते आपलं दोघांचं होतं. आता इथं सांगतो, कारण तुम्ही हात वर करून अडवायला नाहीत, आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय माझा रविवार काही जात नाही.

तुम्ही रिटायर होऊन परभणीत घर बांधलंत, तेव्हा पहिले काही महिने तुमचे हाल बघवत नव्हते. सगळी नोकरी धरणाच्या पाण्यावर फिरणाऱ्या यंत्रांजवळ गेलेली. घरात इतकं शांत की तुम्हाला झोप येईना. फ्रीज घरघरायला लागला की तुम्ही मान वर करून ऐकायचात. त्याच सुमारास अमोल पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा जुना कंप्युटर मागच्या खोलीत राहिला. त्यात तो लढाईचा गेम होता. रोमन लोकांचं राज्य चालवायचं, शहरं सांभाळायची, फौज उभी करायची आणि शेजाऱ्यावर चालून जायचं. तुमच्या लेकानं जाता जाता तुम्हाला माऊस कसा धरायचा तेवढं शिकवलं. बाकीचं तुम्ही स्वतःच्या हिमतीवर बिघडवलंत.

मला फोन आला तेव्हा मी पिंगळीत एका लग्नाचा मंडप सोडवत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "दत्ता, ये लवकर. हत्ती आणलेत." अक्काचा भाऊ, तुमचा मेव्हणा म्हणून मी तुमचं बरंच ऐकून घेतलं, पण हे नवीन होतं. सतरंज्या भरलेला टेम्पो तसाच घेऊन मी परभणीला आलो. तर तुम्ही खुर्चीत पुढं सरकून बसलेले. फौजेच्या यादीत इंग्रजीत 'हस्ताती' असं नाव होतं. ते वाचून तुम्ही ठरवलं की हस्ती म्हणजे हत्ती, आणि खजिना रिकामा करून सगळी फौज त्यांचीच उभी केलीत.

लढाई सुरू झाली. टेकाडाआडून डोक्यावर पिसं खोवलेली कोवळी पोरं पळत आली. मी विचारलं हत्ती कुठं आहेत. तुम्ही म्हणालात, मागून यायलेत. आपण वाट पाहिली. पोरं मेली, उरलेली पळाली, लढाई संपली, आणि हत्ती काही आले नाहीत. अक्का चहा घेऊन आली तेव्हा मी पोट धरून खाली बसलो होतो आणि तुम्ही पडद्याकडं असे बघत होतात की जणू कुणी तुम्हाला भर बाजारात फसवलंय. किती तरी दिवस मी तुमच्या घरी आलो की दारातूनच विचारायचो, हत्तींनी चारा खाल्ला का.

त्या अपमानातून सगळं सुरू झालं. दुसरा माणूस असता तर गेम बंद करून मोकळा झाला असता. तुम्ही मोबाईलवर रोमन फौजेचं मिळेल ते वाचायला लागलात. इंग्रजी अडलं की अमोलला पुण्याला फोन, तो मीटिंगमध्ये असला की मला. मला कशाला, ते देव जाणे. वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं की गेममध्ये कुणीही कशीही फौज उभी करतं, आणि खरी फौज तशी नव्हती. मग तुम्ही ठरवलं की आपली फौज खरी असेल. एका फौजेत वीस तुकड्या बसत होत्या. त्या वीसमध्ये पुढं कोण, मागं कोण, कुणाचे किती, हे सगळं त्या काळी जसं होतं तसंच बसवायचं. जिंकणं नंतर.

तुम्ही मला ती रचना समजावून सांगितलीत तो रविवार अजून डोळ्यांपुढं आहे. अक्कानं सुशीला केला होता, कुरमुऱ्याचा, भरपूर शेंगदाणे घातलेला. तो खाऊन झाल्यावर तुम्ही रिकाम्या वाट्या दिवाणावर मांडल्यात. पुढच्या रांगेत ती पिसंवाली पोरं. त्यांच्या मागं भरात आलेले गडी. सगळ्यांत मागं वयस्क, लांब भाले घेतलेले, आणि ते संख्येनं निम्मेच. पोरं दमली की ती फटीफटीतून मागं येतात आणि दुसरी रांग पुढं होते. तीही दमली तर तिसरी. तोवर तिसरी रांग बसून असते. एक पाय पुढं, ढाल खांद्याला टेकवलेली.

मी विचारलं, लढाईत बसतेत?

"बसतेत. दुसरी रांग माघारी येईस्तोर उठायचं न्हाई."

"मंग ही पंगतच की, दाजी."

तुम्ही एकदम माझ्याकडं बघितलंत. माझा धंदाच तो. मंडप, सतरंज्या, भांडी, लागलं तर आचारीसुद्धा. मला जगात दुसरं दिसत नाही. पहिल्या पंगतीला वऱ्हाड बसतं, दुसऱ्या पंगतीला गाव. तिसरी घरच्यांची. घरची माणसं तोवर कोपऱ्यात थांबलेली असतात, कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात वरणाचा डाव. गोड संपलं तर ते गोडाशिवाय उठतात. भात कमी पडला तर चूल पुन्हा पेटवतात. वऱ्हाड रुसलं, भाजी खारट झाली, काहीही झालं तरी शेवटी निभावून न्यायचं ते तिसऱ्या पंगतीनं. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि एक वाटी उचलून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, हे धर, आज पहिल्यांदा तू कामाचं बोललास.

तेव्हापासून आपल्या दोघांत रोमन नावं बंद झाली. ती पोरं पहिली पंगत, गडी दुसरी पंगत, म्हातारे तिसरी पंगत. बाजूला उभे राहणारे मित्रराज्यांचे सैनिक असायचे, त्यांचं नाव तुम्ही 'सोसी' असं वाचायचात. त्यांचे सोयरे झाले. सोसतात ते सोयरे, असं म्हणून तुम्ही माझ्याकडं बघून हसायचात. खरंतर सोसायचो मी.

आणि तुम्ही स्वतः तिसऱ्या पंगतीचेच. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं, पण बोललो नाही, उगाच चढाल म्हणून. जावयानं पहिल्या पंगतीला बसायचं, पाटाभोवती रांगोळी, हा आमच्या घरचा रिवाज. आमच्या घरच्या एका लग्नात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तुमचा हात धरून ओढलं, आणि तुम्ही बघता बघता हात सोडवून वरणाची बादली उचललीत. अण्णा चिडले. जावई वाढायला लागल्यावर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. तुम्ही शेवटी आम्हा भावांबरोबर जेवलात तेव्हा बुंदी संपली होती. तुम्ही गुळाचा खडा मागून घेतलात. अण्णा जाईपर्यंत ते सांगत राहिले की माझ्या जावयाला गुळावर उठवलं.

आता आपलं भांडण. ते मिटलेलं नाही, तुम्ही मधेच उठून गेलात म्हणून मिटलं असं समजू नका.

माझं म्हणणं साधं होतं. तिसरी पंगत फौजेत सगळ्यांत भारी. त्यांच्या भाल्यांपुढं घोडदळ टिकत नाही. मग त्यांना मागं बसवून कशाला ठेवायचं? मी खेळायला बसलो की पहिल्यांदा त्यांनाच उठवायचो, आणि लढाई चटकन आटपायची. तुम्ही खेळायला बसलात की ते बसूनच. पुढची पोरं पडतायत, गडी मागं रेटले जातायत, आणि तुमचे म्हातारे हाताची घडी घातल्यासारखे बसलेले. कितीदा तरी लढाई संपायची आणि ते उठलेलेच नसायचे. मी म्हणायचो, न उठणाऱ्या फौजेला फुकट कामून पोसायलाव. तुम्ही म्हणायचात की ते मागं बसलेले आहेत म्हणूनच पुढचे उभे आहेत. मी म्हणायचो, कंप्युटरला काय कळतंय कोण मागं बसलंय ते. तुम्ही पाणी प्यायला उठून जायचात.

एकदा त्या केस मोकळे सोडलेल्या गॉल नावाच्या शत्रूंनी बाजूनं येऊन तुमचा घात केला. सोयरे पळाले, सेनापती मेला, आणि तुम्ही तिसऱ्या पंगतीला उठवायला इतका उशीर केलात की त्यांना उभं राहायलाही वेळ मिळाला नाही. मी ओरडून ओरडून सांगत होतो. माझा आवाज आधीच मोठा, त्यात यंत्रांनी तुमचे कान अर्धे घालवलेले, म्हणून गेमही तुम्ही कर्कश्श लावायचात. शेजारच्या काकूंना वाटायचं तुम्ही दुपारभर पौराणिक मालिका बघता. त्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं, कोण मेलं हो? तुम्ही शांतपणे सांगितलंत की आमचा सेनापती. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "हारलो. पण फौज खरी होती."

मी चप्पल घालून निघून गेलो. खरी फौज हरते आणि खोटी जिंकते, तर ती खरी करून दाखवायची कुणाला? दोन रविवार मी फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी अक्काचा फोन आला. म्हणाली, ये बाबा, हे माणूस वाट्या मांडून एकटंच बसलंय.

एका गोष्टीत मात्र आपलं एकमत होतं. गेममध्ये काही काळ उलटला की रोमन फौज बदलायची. पंगती मोडायच्या. सगळ्यांना सरकारी हत्यार, सगळ्यांच्या अंगावर सारखा कपडा, पुढचा कोण आणि मागचा कोण ते ओळखू येत नाही. ते पहिल्यांदा झालं तेव्हा तुम्ही यादी वरखाली करून तिसरी पंगत शोधत राहिलात. मी म्हणालो, दाजी, फौजेचा बुफे झाला. ते तुम्हाला इतकं लागलं की तुम्ही तिथंच खेळ बंद केलात आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून मांडलात. माझ्या धंद्याचं तेच झालं होतं. सतरंज्या पडून, खुर्च्यांना मागणी. लोक हातात ताटली घेऊन उभ्यानं खातात, कोण जेवलं आणि कोण उपाशी गेलं कुणाला पत्ता नसतो. त्यानंतर तुम्ही दर वेळी पंगती मोडायची वेळ जवळ आली की खेळ मोडायचात. त्यामुळं तुमचं राज्य कधी मोठं झालंच नाही. अमोल हसायचा. मला कधी हसू आलं नाही.

इथपर्यंत लिहिताना बरं वाटत होतं. पुढचं लिहायला नको वाटतंय.

परभणीहून नांदेडला जाणारी गाडी पिंगळीला थांबते. तुम्ही आणि अक्का त्या गाडीनं दवाखान्यात जात होतात, परत येत होतात, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. माझं घर स्टेशनाच्या तोंडावर. हाक मारली असती तर मी घरातून ओ दिली असती. मधल्या रविवारी मी आलो की तुम्ही म्हणायचात पोट बिघडलंय, पथ्यावर आहे. गालफडं बसत चालली होती. मी म्हणालो, दाजी, हत्ती तुमच्या वाटणीचंही खातायत. तुम्ही हसलात. अक्का आत निघून गेली. मला वाटलं, तिला गेमचा कंटाळा आलाय.

अमोलचा फोन आला तोवर तुम्ही पलंगाला खिळलेले. मी नांदेडला पोचलो, तुम्हाला बघितलं, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. मी विचारलं, मला कामून सांगितलं न्हाई? तुमच्यात बोलायचं त्राण नव्हतं. तुम्ही तळहात खाली करून हलवलात आणि एकच शब्द बोललात. "बस."

पलंगाजवळ स्टूल होतं. मी त्यावर बसलो. मला वाटलं, पाव्हण्यासारखं बसवतायत. की आता बोलणं बास, असं म्हणतायत? काही असो, मी तोंड फिरवून बसलो आणि तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर आपलं बोलणं झालंच नाही. तुम्हाला घेऊन आलो, सगळं रीतीप्रमाणं केलं, राख येलदरीखाली पूर्णेच्या पाण्यात सोडली, आणि तो एक शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून राहिला. सख्खा मेव्हणा, रविवारचा जोडीदार, आणि मरणाच्या वेळी परका. लोकांनी मला विचारलं, कधीपासून आजारी होते? मला सांगता येईना.

तेरवीला अक्कानं एकच सांगितलं, बुफे नको, खाली बसवा. मी गोदामातल्या जुन्या सतरंज्या काढल्या, झटकल्या, अंगणात आणि रस्त्याच्या कडेनं अंथरल्या. पहिली पंगत बसली, दुसरी बसली. मी बादली घेऊन फिरत होतो. तिसऱ्या पंगतीला अमोल, आचारी, मी, असे मोजकेच उरलो. तुमची जागा सोडून बसायचं ठरवलं होतं, पण तुमची जागा ठरलेली कधी नव्हतीच. जिथं रिकामं असेल तिथं तुम्ही बसायचात. मग मीही तसाच बसलो.

पाहुणे पांगल्यावर अमोल भांडी टेम्पोत भरायला लागला. मी हात धुवून मागच्या खोलीत गेलो तर अक्का दिवाणावर बसलेली. म्हणाली, ते चालू कर. त्यांची लढाई तशीच राहिलीय. मला वाटलं तिचं चित्त ठिकाणावर नाही. पण तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा मी कंप्युटर सुरू केला.

तुम्ही लढाईच्या तोंडाशी येऊन थांबवलेलं होतं. नदीकाठी फौज उभी. समोर तेच गॉल. तुमची मांडणी मी डोळे झाकून ओळखली असती. पुढं पोरं, मागं गडी, दोन्ही बाजूंना सोयरे, आणि सगळ्यांत मागं, निम्मे, बसलेले. मी सुरू केलं. तुमच्या पद्धतीनं खेळायचं ठरवलं होतं. पोरं दमेपर्यंत दम धरला, त्यांना मागं घेतलं, गडी पुढं केले. मग गॉलांचं घोडदळ आलं आणि माझा हात सवयीनं तिसऱ्या पंगतीकडं गेला.

"थांब," अक्का म्हणाली. "अजून दुसरी पंगत उठली न्हाई."

मी गेम थांबवला आणि मागं वळून बघितलं. इतकी वर्षं ती चहा आणि सुशीला ठेवून निघून जायची. ती ऐकत असायची, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागली. म्हणाली, गाडीत मी खिडकीला बसायची. पिंगळी आली की तुझं घर दिसायचं. एकदा रेल्वे फाटकापाशी तुझा टेम्पो उभा होता, वर खुर्च्या बांधलेल्या, तू खाली उतरून दोरी आवळत होतास. मी उठले, म्हणलं दत्ताला हाक मारते. त्यांनी माझा हात धरला.

"म्हणले, दत्ताला बसू दे. अमोल हाय, तू हायस. तुमी दोघं दमलाव, की मंग त्याची पाळी. आत्ताच उठवलं तर माझ्या मागं तुला कोण ऱ्हाईल?"

दाजी, मी इतकी वर्षं तुम्हाला विचारत आलो की बसलेली फौज कशाला पोसायची, आणि तुम्ही पाणी प्यायला उठून जात होतात. मग नांदेडला 'बस' म्हणालात ते हे होतं. मला अजूनही वाटतं की तुम्ही चुकलात. मी आलो असतो तर अक्काची दवाखान्यात डबे पोचवण्याची दगदग वाचली असती, तुमच्या उशाशी बसून मी तुम्हाला हत्तींवरून छळलं असतं, तुम्ही दोन घास जास्त खाल्ले असते. हे भांडण मी सोडणार नाही. पण मी परका नव्हतो, हे मला कळलं. तुम्ही मला तुमच्या शेजारी, तुमच्याच पंगतीत बसवलं होतं, आणि मी आपला स्टुलावर तोंड फिरवून बसलो होतो.

बाहेर अमोल पातेली एकात एक घालत होता, त्यांचा आवाज येत होता. त्याची सुट्टी संपत आलेली, रात्रीची गाडी होती. अक्का पडद्याकडं बघत होती. तुमच्या आजारपणात ती एकदाही माझ्यापुढं रडली नव्हती, तुम्हाला नेलं तेव्हाही नाही. सगळ्यांना पाणी देत, कुणाला काय हवं ते बघत उभी होती. आता तिनं दिवाणाच्या कडेला दोन्ही हात टेकवले.

"दत्ता," ती म्हणाली, "मी दमले रे आता."

पडद्यावर तुमची म्हातारी माणसं एक पाय पुढं करून, ढाल खांद्याला टेकवून बसलेलीच होती. दाजी, मी उठलो.